दुबळे हृदय आणि घरातला वजनकाटा

आपल्याकडे ‘हार्ट फेल झाले’ याचा एकच अर्थ रूढ आहे : माणूस बसल्या जागी गेला. त्यामुळे रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर ‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द वाचले की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. “डॉक्टर, हार्ट फेल झालंय असं लिहिलंय, मग बाबा चालतात-बोलतात कसे?” असे विचारणारे नातेवाईक मला महिन्यातून दोन-तीनदा तरी भेटतात.

वैद्यकशास्त्रात या शब्दांचा अर्थ वेगळा आहे. हृदय बंद पडलेले नसते, ते दुबळे झालेले असते. शरीराला हवे तितके रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. कुणाचा पंप ढिला पडलेला असतो, तर कुणाचे हृदय ताठर होऊन नीट भरतच नाही. पूर्वी येऊन गेलेला हार्ट अॅटॅक, वर्षानुवर्षे अंगावर काढलेला रक्तदाब, मधुमेह, लहानपणच्या सांधेतापाने खराब झालेली झडप, अतिरिक्त मद्यपान, हृदयाच्या स्नायूचाच आजार अशी याची अनेक कारणे आहेत. मराठीत याला ‘हृदय निकामी होणे’ म्हणतात, पण तो शब्द मला आवडत नाही. निकामी झालेली वस्तू आपण टाकून देतो. हे हृदय काम करत असते, फक्त त्याला सांभाळून घ्यावे लागते. म्हणून या लेखात मी ‘दुबळे हृदय’ असेच म्हणणार आहे.

शब्द सौम्य असला तरी आजार सौम्य नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १८ रुग्णालयांत २०१३ साली या आजाराने दाखल झालेल्या १२०५ रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय ६१ होते, आणि वर्षभरात त्यांतील दर दहांपैकी तिघे दगावले. आता आपल्याकडे या आजारावर पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली औषधे आहेत. पण औषध सुरू केले आणि काम संपले, असा हा आजार नव्हे. रुग्ण माझ्यासमोर महिन्यातून एकदा, फार तर दहा मिनिटे बसतो. बाकीचे सगळे दिवस तो घरी असतो, आणि दुखणे बळावते ते त्याच दिवसांत. म्हणून आज औषधांबद्दल न लिहिता घरात ठेवायच्या उपकरणांबद्दल लिहितो. त्यातही सर्वांत साध्या, म्हणजे वजनकाट्याबद्दल.

वजनाचा आणि हृदयाचा संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. हृदय दुबळे झाले की मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त कमी होते. बिचाऱ्या मूत्रपिंडांना वाटते की शरीरातले पाणीच कमी झाले आहे. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. खरे तर शरीरात पाणी पुरेसे असते. आता त्यात आणखी भर पडते. ते पायांत उतरते, पोटात साठते, आणि शेवटी फुप्फुसांत चढते. मध्यरात्री रुग्ण दचकून उठतो, खिडकीपाशी जाऊन बसतो, श्वास मिळत नाही म्हणून तडफडतो. घरच्यांना वाटते हे अचानक झाले. पण ते अचानक झालेले नसते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. दोन लिटर पाणी अंगात साठले तर डोळ्यांना काही दिसणार नाही, पण काटा दोन किलो जास्त दाखवील. घोट्याजवळ बोटाने दाबल्यावर खड्डा पडू लागतो, तोवर कित्येक लिटर पाणी साठून गेलेले असते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००७ साली दाखवून दिले की, या आजाराने रुग्णालयात भरती व्हावे लागलेल्या रुग्णांचे वजन त्याच्या निदान आठवडाभर आधीपासून वाढू लागलेले होते. म्हणजे सावध व्हायला सात दिवस हातात असतात. गोळी थोडी वाढवून घरच्या घरी जे निभावले असते, त्यासाठी सात दिवसांनंतर अतिदक्षता विभाग लागतो. तिथल्या एका दिवसाच्या बिलात घरासाठी दोन-चार वजनकाटे येतील.

वजन कसे घ्यावे

काटा डिजिटल घ्यावा, म्हणजे ज्यात आकडे उमटतात तो. काट्याची सुई असलेल्या जुन्या यंत्रात अर्ध्या किलोचा फरक नीट कळत नाही, आणि आपल्याला तोच फरक पाहायचा असतो. आकडे मोठे आणि उजळ असावेत, कारण पाहणारे डोळे बहुधा मोतीबिंदूचे असतात. काटा कडक आणि सपाट जमिनीवर ठेवावा. शहाबादी फरशी किंवा कोबा उत्तम. सतरंजीवर, गादीवर किंवा सारवलेल्या उंचसखल जमिनीवर ठेवला तर आकडा खोटा येतो. जमीन तशीच असेल तर एक सपाट फळी घालून ती पक्की बसवावी आणि रोज त्याच जागी वजन घ्यावे.

वेळ सकाळची. उठल्यावर लघवीला जाऊन यावे, आणि चहा घेण्यापूर्वी काट्यावर उभे राहावे. कपडे रोज साधारण सारखेच असावेत. हे मुद्दाम सांगतो, कारण नऊवारी लुगडे आणि घरातला गाऊन यांत अर्धा किलोचा फरक सहज पडतो, आणि त्या अर्ध्या किलोसाठी घाबरून गेलेल्या आजी मी पाहिल्या आहेत. काठी टेकून उभे राहिले किंवा भिंतीला हात लावला तर वजन कमी भरते. ज्यांचा तोल जातो त्यांच्याजवळ कुणीतरी उभे राहावे, पण आकडा उमटेपर्यंत त्यांना धरू नये. एकदा औषधाच्या दुकानातल्या काट्यावर, एकदा रेल्वे स्टेशनवर आणि एकदा घरी असे वजन करण्याला काही अर्थ नाही. दोन काटे एकमेकांशी क्वचितच जुळतात. आपल्याला खरे वजन किती हे जाणायचे नसून कालच्यापेक्षा आज किती बदल झाला हे पाहायचे आहे. त्यासाठी एकच काटा हवा.

आता वही. शंभर पानी साधी वही चालेल. पहिल्या पानावर लाल शाईने आपले ‘कोरडे वजन’ लिहावे. अंगातले जादा पाणी उतरल्यावर, सूज आणि दम नसताना जे वजन भरते ते कोरडे वजन. ते किती धरायचे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, आणि घरी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वतःच्या काट्यावर ते किती येते तेही टिपावे. त्यानंतर रोज एक ओळ : तारीख, वजन, सूज आहे-नाही, रात्री उशा किती घेतल्या. शेवटचा रकाना पाहून काहींना हसू येते, पण तो फार बोलका आहे. एका उशीवर झोपणारा माणूस दोन उशा मागू लागला की फुप्फुसांत पाणी चढू लागले असा संशय घ्यावा.

धोक्याची रेघ कुठे? तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, असा युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा नियम आहे आणि तोच मी माझ्या रुग्णांना सांगतो. किरकोळ बांध्याच्या व्यक्तीसाठी, उदाहरणार्थ चाळीस-बेचाळीस किलोंच्या आजींसाठी, मी ही रेघ आणखी खाली ओढतो. आपली रेघ कोणती, हे आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारून वहीच्या पहिल्या पानावरच लिहून घ्यावे. दुसरेही विचारून घ्यावे : रेघ ओलांडली तर लघवीची गोळी मी स्वतः वाढवायची का, किती, किती दिवस, आणि फोन कधी करायचा? काही रुग्णांना मी असे लिहून देतो, काहींना देत नाही. ज्यांची मूत्रपिंडे कमकुवत आहेत किंवा रक्तातले पोटॅशियम वरखाली होते, त्यांनी विचारल्याशिवाय अर्धी गोळीही हलवू नये.

वजन उतरले तरी लक्ष द्यावे. लघवीची गोळी चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या, किंवा एप्रिल-मे महिन्यांत उन्हात घाम गाळून आले, तर शरीर कोरडे पडते. उभे राहताच अंधारी येते, पायांत गोळे येतात, लघवी कमी होते. अशा वेळी नेहमीची गोळी तशीच चालू ठेवायची की नाही, हे फोन करून विचारावे. शिवाय आजार फार दिवसांचा असेल तर अंगावरचे मांस झडते आणि त्या जागी पाणी भरते. काटा जैसे थे राहतो, पण माणूस फुगत असतो. म्हणूनच वहीत सूज आणि उशांचा रकाना आहे. ज्यांना उभेच राहता येत नाही, त्यांच्या घोट्याचा आणि बेंबीपाशी पोटाचा घेर शिंप्याच्या टेपने रोज मोजावा. हा उपाय काट्याइतका नेमका नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरा.

लग्नाची पंगत आणि चुकलेली गोळी

वजन वाढते ते बहुतेक वेळा कशामुळे, याचे एक उदाहरण देतो. माझे एक रुग्ण निवृत्त शिक्षक आहेत. भाचीच्या लग्नाला जायचे होते. एसटीचा पाच तासांचा प्रवास, वाटेत लघवीची सोय नाही, म्हणून त्यांनी त्या दिवशी सकाळची गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी लग्नघरात पाहुण्यांची गर्दी आणि एकच संडास, म्हणून पुन्हा घेतली नाही. पंगतीत पापड, लोणचे, भजी आणि दोन वाट्या मठ्ठा झाला. परतल्यावर सकाळी काटा दोन किलो तीनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. गुरुजींना काहीही त्रास जाणवत नव्हता. “प्रवासाचा शीण आहे, बाकी काही नाही,” असे ते म्हणत होते. सूनबाईंनी मात्र वही पाहिली आणि मला फोन केला. गोळी तीन दिवस वाढवली, मीठ तोडले, चौथ्या दिवशी वजन जागेवर आले. या सगळ्यात गुरुजींचे पथ्य किती मोडले याचा हिशेब मी करत बसलो नाही. माणसाने भाचीच्या लग्नाला जावेच. फक्त प्रवास असेल तेव्हा गोळीची वेळ पुढे ढकलता येते, मुक्कामी पोचल्यावर ती घेता येते. हे आधी विचारले तर कोणताही डॉक्टर आनंदाने सांगेल.

पंगतीखेरीज आणखी काही चोरवाटा आहेत. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी शरीरात पाणी धरून ठेवते. दुबळ्या हृदयाच्या रुग्णाने अशी वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नये. पोट गच्च झाले म्हणून पाण्यात फसफसणारी पूड घेतात, तिच्यात भरपूर सोडियम असते. उपवासाला चालणारे सैंधवही मीठच आहे. ते गुलाबी असले म्हणून हृदयाला कळत नाही. आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम घातलेले असते. या आजारात दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या मुळातच पोटॅशियम वाढवतात, त्यात या मिठाची भर पडली तर हृदयाची लय बिघडू शकते. विचारल्याशिवाय ते आणू नये.

आकडा पाहणारे कुणी आहे का?

हे सगळे वाचून एखादा हुशार मुलगा म्हणेल, “एवढं वही-पेन कशाला? मोबाईलला जोडलेला काटा घेतो, आकडे आपोआप जातील.” जरूर घ्यावा. पण त्याआधी दोन प्रयोगांची हकीकत ऐकावी.

पहिला अमेरिकेतला. तिथे १६५३ रुग्णांवर झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांनी रोज एका स्वयंचलित यंत्रणेला फोन करून आपले वजन आणि त्रास सांगायचा, डॉक्टरांच्या कचेरीत तो तपासला जायचा. बाकीच्यांचे उपचार नेहमीप्रमाणे. सहा महिन्यांनी मोजले तर पुन्हा भरती होण्यात किंवा मृत्यूत दोन्ही गटांत काहीच फरक नव्हता. दर सात रुग्णांपैकी एकाने तर एकदाही फोन केला नव्हता, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत जेमतेम निम्मे लोक आठवड्यातून तीन वेळा तरी फोन करत होते.

दुसरा जर्मनीतला, बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने चालवलेला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. यात दीड हजारांवर रुग्ण होते, सगळे गेल्या वर्षभरात या आजारासाठी एकदा भरती झालेले. निम्म्यांच्या घरी वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, इसीजी काढणारे छोटे यंत्र आणि ऑक्सिजन मोजणारी चिमटी दिली. ‘आज कसे वाटते’ हेही रोज कळवायचे होते. आकडे रोज केंद्रात जात, आणि तिथे दिवसरात्र डॉक्टर आणि परिचारिका हजर असत. आकडा बिघडला की ते रुग्णाला फोन करत, औषध बदलत, त्याच्या गावच्या डॉक्टरशी बोलत. वर्षभरात अशा रुग्णांचे रुग्णालयात किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस सरासरी १७.८ भरले, तर दुसऱ्या गटात ते २४.२ होते. मृत्यूही शंभरामागे वर्षाला अकरावरून आठाच्या आसपास उतरले. जर्मनीत डिसेंबर २०२० मध्ये निर्णय होऊन ही सोय सरकारी आरोग्य विम्यात बसवण्यात आली.

पहिल्या प्रयोगातले रुग्ण यंत्राशी बोलत होते आणि हळूहळू कंटाळत होते. दुसऱ्यात आकडा बिघडला की त्याच दिवशी माणसाचा फोन येत होता. मला स्वतःला फरक इथेच आहे असे वाटते. आपल्या जिल्ह्यात चोवीस तास आकडे पाहत बसणारे केंद्र नाही. मग ते काम कुणी करायचे? घरातल्या एका माणसाने. सून, मुलगा, सातवीतली नात, कुणीही चालेल, पण एकच. रोज सकाळी वही पाहायची जबाबदारी त्याची, आणि रेघ ओलांडली की फोन करण्याचा अधिकारही त्याचाच. “आजोबा नको म्हणाले म्हणून केला नाही,” हे कारण मी बरेचदा ऐकतो. आजोबा नकोच म्हणणार. त्यांना रुग्णालय नको असते, आणि म्हणूनच फोन लवकर करायचा असतो.

मोबाईलचा उपयोग इथे खरा होतो. आठवड्यातून एकदा वहीच्या पानाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवावा. सुजलेल्या पायाचा फोटो, संपत आलेल्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो, रक्ताच्या तपासणीचा कागद, सगळे फोनमध्ये असावे. गोळ्यांच्या वेळेचा गजर लावावा. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाचे नियम जाहीर केल्यापासून नोंदणीकृत डॉक्टर फोनवरून किंवा व्हिडिओवरून रीतसर सल्ला देऊ शकतात, आणि जुन्या रुग्णाची औषधेही लिहून देऊ शकतात. सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा विनामूल्य आहे. घरी चांगला फोन नसेल तर गावच्या उपकेंद्रातील आरोग्य अधिकाऱ्याकडे जावे, तिथून ते मोठ्या डॉक्टरशी जोडून देतात. जाताना वही न्यावी. “बरं वाटत नाही” एवढ्यावर समोरच्या अनोळखी डॉक्टरला काही करता येत नाही. पंधरा दिवसांची वजने समोर असली तर येते.

एक विनंती मात्र आहे. वडिलांचे वजन रोज घरच्या ग्रुपवर टाकणारी कुटुंबे आता बरीच झाली आहेत. पुण्याचा मुलगा, अमेरिकेतली मुलगी, नाशिकचे काका सगळे पाहतात, काळजी करतात, ते चांगलेच आहे. पण मग तिकडून मुलगी म्हणते पाणी कमी द्या, काका म्हणतात गोळीने किडनी जाते, बंद करा. रुग्णाच्या गोळ्या ग्रुपवर ठरवू नयेत. औषध लिहून देणारा डॉक्टर एकच असावा.

बाकीची उपकरणे

रक्तदाबाचे यंत्र दंडाला पट्टा बांधायचे घ्यावे, मनगटाचे नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला आखूड पट्टा बांधला तर आकडा फुगतो. सदऱ्याच्या बाहीवरून बांधू नये. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून खुर्चीत बसावे, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नको. हात हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवावा, बोलू नये, आणि मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजावे. ज्यांच्या नाडीची लय अनियमित आहे त्यांचे आकडे दर वेळी वेगळे येतात. त्यांनी तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

या यंत्राने झालेला एक घोटाळा वारंवार दिसतो. दुबळ्या हृदयाची चांगली औषधे रक्तदाब उतरवतात. वरचा आकडा १०० च्या आसपास दिसला की घरचे घाबरतात आणि गोळ्या बंद करतात. रुग्णाला चक्कर नसेल, उभे राहिल्यावर अंधारी येत नसेल, लघवी नीट होत असेल, तर तो आकडा बहुधा चालण्यासारखा असतो. ज्या गोळ्यांनी आयुष्य वाढते त्याच या भीतीने सुटतात. आकडा कमी वाटला तर फोन करावा. गोळी बंद करायचा निर्णय यंत्राचा नाही.

बोटाला लावायची ऑक्सिजनची चिमटी करोनाच्या काळात, २०२०-२१ साली, घराघरांत आली आणि आता ड्रॉवरमध्ये पडून आहे. ती काढून नवे सेल घालावेत. बोट गरम हवे, नखाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. तिचा आकडा ९० च्या खाली गेला आणि सोबत दम असेल तर वाट पाहू नये. पण उलट बाजूने फसू नये. ऑक्सिजन ९७ दाखवत असताना अंगात तीन लिटर पाणी साठलेले असू शकते. पाणी साठताना चिमटीचा आकडा बदलतो तो सर्वांत शेवटी.

मनगटी स्मार्ट घड्याळे नाडीचे ठोके मोजतात आणि काही घड्याळे अनियमित लय ओळखतात. असा इशारा आला तर इसीजी काढून खात्री करावी. दंडाला पट्टा न बांधता नुसत्या मनगटावरून रक्तदाब सांगणाऱ्या घड्याळावर मात्र औषध ठरवू नये. पैसे मोजकेच असतील तर आधी काटा, मग रक्तदाबाचे यंत्र. घड्याळ नसले तरी चालते.

काही गोष्टींसाठी कोणतेही उपकरण पाहत बसू नये. बसल्या जागी दम लागतो, आडवे होता येत नाही, गुलाबी फेस असलेला खोकला येतो, छातीत दुखते, माणूस बेशुद्ध पडतो किंवा बरळू लागतो, अशा वेळी वही बाजूला ठेवावी आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णाला आडवे न झोपवता पाठीला आधार देऊन बसते ठेवावे. जाताना वही आणि गोळ्यांची पिशवी मात्र सोबत घ्यावी, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत अर्धी माहिती मिळते.

वजनकाट्याबद्दल आणखी एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो : पेसमेकर असेल तर डिजिटल काटा चालतो का? साधा डिजिटल काटा चालतो, तो फक्त भार मोजतो. पण हल्ली मिळणाऱ्या काही काट्यांवर पाय ठेवायला धातूच्या पट्ट्या असतात आणि ते वजनाबरोबर शरीरातली चरबी किती टक्के, स्नायू किती टक्के हेही सांगतात. त्यासाठी ते शरीरातून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह सोडतात. पेसमेकर किंवा छातीत बसवलेले शॉक देणारे यंत्र असलेल्यांनी असा काटा वापरू नये, असे ते बनवणारेच सांगतात. दुकानदाराकडे चरबी न मोजणारा साधा काटा मागावा, तो स्वस्तही असतो. मोबाईल वापरायला हरकत नाही, फक्त तो सदऱ्याच्या छातीच्या खिशात ठेवू नये. यंत्रापासून वीतभर दूर असावा, आणि ज्या बाजूला पेसमेकर आहे त्याच्या उलट बाजूच्या कानाला लावून बोलावे.